निळ्या बुचाची नळी

"ताई, या वेळी रक्त किती पातळ आलं?"

कळव्याचे एक काका दर तीन आठवड्यांनी आमच्या काउंटरवर हाच प्रश्न घेऊन येतात. हृदयाचा एक व्हॉल्व्ह बदलून धातूचा बसवलाय, त्यामुळे रक्त पातळ ठेवायची गोळी जन्माची आणि गोळीपायी तपासणीही. मी रिपोर्ट पुढे सरकवते, "२.६" म्हणते, ते खिशातल्या वहीत आकडा टिपतात आणि पिशवी उचलून निघतात. मध्यंतरी एकदा पावसामुळे लॅब रिकामी होती. काकांनी बाकावर बसकण मारली आणि म्हणाले, "पण हे २.६ म्हणजे काय? टक्के, मिनिटं, की चमचे?" मी ठाण्याच्या नौपाड्यात बावीस वर्षं रक्त काढतेय आणि तपासतेय, तरी मला दोन वाक्यांत सांगता येईना. त्या दिवशी अर्धवट राहिलेलं उत्तर इथे पुरं करते.

सुरुवात 'पातळ' या शब्दापासूनच करावी लागेल. वरणात पाणी घातलं की वरण पातळ होतं. गोळीने रक्ताचं तसं काही होत नाही. काकांचं रक्त आणि माझं रक्त शेजारी ठेवलं तर दोन्ही सारखीच दाट दिसतील. फरक पडतो तो गोठायला लागणाऱ्या वेळात. आमच्याकडच्या गोठण्याच्या बहुतेक तपासण्या मुळात घड्याळ लावून केलेल्या असतात. ठरावीक परिस्थितीत, ठरावीक गोष्ट घातल्यावर, गुठळी धरायला किती सेकंद लागले, एवढंच त्या सांगतात. "ठरावीक परिस्थितीत" हे शब्द लक्षात ठेवा, कारण सगळे गैरसमज तिथूनच निघतात.

विळीवर नारळ खवताना बोट कापलं तर आधी धावून येतात प्लेटलेट्स. त्या जखमेच्या तोंडाशी एकमेकींना चिकटून कच्चा बांध घालतात. तो टिकायचा तर त्यात दोरा ओवावा लागतो. हा दोरा म्हणजे फायब्रिन. रक्तात तो तयार स्वरूपात नसतो, फायब्रिनोजेन या रूपात विरघळलेला असतो, साखर पाण्यात असावी तसा. लाडवाचा पाक करताना एक क्षण येतो, आत्तापर्यंत नुसतं गोड पाणी होतं आणि आता बोटांत तार धरली. रक्ताचंही तसंच. मी शिकले तेव्हा ही तपासणी हाताने करायचो. नळी वॉटर बाथमध्ये ३७ अंशांवर, एका हातात स्टॉपवॉच, दुसऱ्या हातात वाकवलेली बारीक तार. तार बुडवायची, उचलायची, बुडवायची, उचलायची. तिच्या टोकाला पांढुरका धागा लटकला की घड्याळ थांबवायचं. आज ते यंत्र करतं, पण शोधतं तोच धागा.

या धाग्यापर्यंत पोचायला रक्तातली डझनभर प्रथिनं एकापाठोपाठ एक कामाला लागतात. त्यांना रोमन आकडे दिलेत आणि आम्ही सगळे 'फॅक्टर एट', 'फॅक्टर नाईन' असंच म्हणतो. सहावा नंबर यादीत नाही, तो शोध पुढे चुकीचा ठरला आणि जागा रिकामी राहिली. चौथा नंबर प्रथिनाचा नाही, साध्या कॅल्शियमचा आहे. आमचं सगळं काम या कॅल्शियमवर चालतं.

रक्त शिरेतून काढलं की ते नळीत काही मिनिटांतच गोठतं. मग लॅबपर्यंत आणून त्याची वेळ मोजणार कशी? म्हणून फिकट निळ्या बुचाच्या नळीत आधीच सोडियम सायट्रेट भरलेलं असतं, ३.२ टक्क्यांचं. ते रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतं आणि गोठण्याची गाडी जागच्या जागी थांबते. लॅबमध्ये सेंट्रिफ्यूजवर फिरवून वरचा पिवळसर प्लाझ्मा वेगळा काढतात, त्यात पुन्हा कॅल्शियम घालतात आणि त्याच क्षणी घड्याळ सुरू होतं.

यातली मेख अशी की हा हिशेब नऊ भाग रक्त आणि एक भाग सायट्रेट असा बांधलेला आहे. नळीवर रेघ असते, रक्त त्या रेघेपर्यंत यायलाच हवं. कमी भरलं तर सायट्रेट जास्त होतं, आपण घातलेलं कॅल्शियमही ते खाऊन टाकतं आणि वेळ खोटीच लांबते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका आजींची नस सापडेना म्हणून अर्ध्या नळीवर समाधान मानलं होतं. रिपोर्ट आला ४.१. त्यांच्या डॉक्टरांना पटेना, त्यांनी फोन करून विचारलं, "नळी भरली होती का?" मी गप्प. दुसऱ्या हातातून पुन्हा काढलं, रेघेपर्यंत. २.८ आला. त्या फोनऐवजी आजींची गोळी तीन दिवस बंद झाली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही करते. त्यांच्याही छातीत धातूचा व्हॉल्व्ह होता, आणि त्यावर गुठळी धरायला मुहूर्त लागत नाही.

तेव्हा कुणी सुई दोनदा टोचली किंवा "नळी अजून भरायचीय, हात हलवू नका" म्हणालं, तर रागावू नका. दंडाचा पट्टा फार वेळ आवळलेला नको, एका नळीतलं रक्त दुसरीत ओतलेलं नको. जांभळ्या बुचाच्या नळीतलं औषध निळीत गेलं तर आकडे असे येतात की ऑपरेशन रद्द व्हावं. नमुना बर्फात ठेवायचा नसतो आणि रेंगाळूही द्यायचा नसतो. ऐरोलीहून नमुने आणणारा आमचा मुलगा जुलैमध्ये विटाव्याच्या रेल्वेपुलाखालच्या पाण्याला अडकला की मला त्याच्याइतकीच त्याच्या डब्यातल्या निळ्या नळ्यांची काळजी लागते. हेपारिन या गुठळी रोखणाऱ्या इंजेक्शनवर असलेल्या पेशंटचा नमुना तर तासाभरात फिरवून वेगळा करावा लागतो.

काकांची तपासणी पीटी-आयएनआर. पीटी म्हणजे प्रोथ्रोम्बिन टाइम. ती अमेरिकेतल्या आर्मंड क्विक यांनी १९३५ साली मांडली. प्लाझ्मात थ्रोम्बोप्लास्टिन आणि कॅल्शियम घालायचं. हे थ्रोम्बोप्लास्टिन त्या काळी सशाच्या मेंदूपासून करत. शरीरात नस फाटली की आजूबाजूच्या पेशींमधून जो इशारा रक्ताला मिळतो, त्याची ही नक्कल. निरोगी माणसाचा प्लाझ्मा साधारण ११ ते १३ सेकंदांत धागा धरतो.

अडचण अशी झाली की प्रत्येक कंपनीचं थ्रोम्बोप्लास्टिन वेगळं, त्यामुळे एकाच माणसाचे सेकंद लॅबगणिक वेगळे. नळी तीच, पेशंट तोच, गोळीही तीच. एके ठिकाणी २४ सेकंद, दुसरीकडे १९.७. डॉक्टर एका रिपोर्टवर गोळी कमी करणार, दुसऱ्यावर वाढवणार. यावर १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तोडगा स्वीकारला. थ्रोम्बोप्लास्टिनच्या प्रत्येक किटला त्याच्या संवेदनशीलतेचा एक आकडा द्यायचा, आयएसआय. पेशंटच्या सेकंदांना निरोगी माणसाच्या सरासरी सेकंदांनी भागायचं आणि त्या भागाकाराला आयएसआयचा घात लावायचा. पहिल्या लॅबच्या किटचा आयएसआय १, दुसऱ्याचा १.४. दोन्हीकडे निरोगी वेळ १२ सेकंद धरा. पहिल्याचं गणित २४ भागिले १२, म्हणजे २. दुसऱ्याचं १९.७ भागिले १२, म्हणजे साधारण १.६४, आणि त्याचा १.४ घात काढला की तोही येतो २. झाला मेळ. हा जो शेवटचा आकडा, तोच आयएनआर.

म्हणजे काकांचा २.६ हे टक्के नाहीत, मिनिटं नाहीत आणि चमचे तर नाहीतच. निरोगी रक्ताला जिथे १२ सेकंद लागतात तिथे त्यांच्या रक्ताला सुमारे ३१ लागले, असं समजा. त्यांच्या डॉक्टरांनी २.५ ते ३.५ असा पट्टा आखून दिलाय. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून गोळी चालू असलेल्यांना बहुधा २ ते ३ असतो. पट्ट्याच्या खाली गुठळीची भीती, वर रक्तस्रावाची. गोळी न घेणाऱ्याचा आयएनआर १ च्या आसपास असतो. काकांच्या रिपोर्टवर छापलेली 'नॉर्मल रेंज' ही त्या लोकांची आहे. ती बघून घाबरलेले नातेवाईक मी दर आठवड्याला बघते. काकांचा आयएनआर १.१ आला तर खरी धावपळ करायची वेळ.

ही गोळी, मग ती वॉरफरिन असो की आपल्याकडे जास्त चालणारी ॲसिट्रॉम, व्हिटॅमिन केच्या आड येते. २, ७, ९ आणि १० नंबरचे फॅक्टर यकृतात तयार होतात आणि त्यांना शेवटचा हात फिरवायला व्हिटॅमिन के लागतं. सातव्याचं आयुष्य सगळ्यात कमी, सहाएक तासांत निम्मा संपतो. दुसऱ्या नंबरचा फॅक्टर अडीच-तीन दिवस तग धरतो. म्हणून गोळी सुरू केली की आयएनआर लवकर हलतो, पण खरं संरक्षण मिळायला चार-पाच दिवस जातात, आणि तोवर डॉक्टर हेपारिनचं इंजेक्शनही चालू ठेवतात. "आकडा आला, मग सुया कशाला?" या प्रश्नाचं उत्तर हे.

या औषधाची पाळंमुळं गुरांच्या गोठ्यात आहेत. १९२० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात बुरशी आलेला एक चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरू लागली. १९३३ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनचा एक शेतकरी हिमवादळातून गाडी हाकत मेलेलं वासरू आणि दुधाच्या कॅनमध्ये भरलेलं रक्त घेऊन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत आला. ते रक्त गोठलंच नव्हतं. लिंक यांच्या चमूने त्या चाऱ्यातला दोषी पदार्थ शोधला, त्याच घराण्यातून पुढे वॉरफरिन आलं. १९४८ मध्ये ते आधी उंदीर मारायला बाजारात आलं आणि १९५४ पासून माणसांना. काकांना ही गोष्ट सांगितली तर ते गोळीकडे बघतच राहिले.

व्हिटॅमिन के हिरव्या पाल्यात भरपूर. श्रावणात घरोघरी अळूचं फदफदं, मेथी, शेपू, शेवग्याचा पाला सुरू झाला की आमच्याकडचे बरेच आयएनआर घसरतात. याचा अर्थ पालेभाजी सोडायची असा नाही, आणि तसं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. आठवड्याला जेवढी खाता तेवढीच खात राहा, डॉक्टर गोळी त्या हिशेबाने बसवतात. उलट बाजूने, मेट्रोनिडॅझोलसारखी जुलाबावरची गोळी चालू झाली की आकडा एकदम उसळतो. केमिस्टकडून परस्पर काही घेऊ नका, आणि प्रत्येक नव्या डॉक्टरला ॲसिट्रॉम चालू आहे हे आधी सांगा.

पीटी यकृताचीही तपासणी आहे, कारण हे फॅक्टर बनतात तिथेच. पावसाळ्यातल्या काविळीत बिलिरुबिनच्या आकड्याने घरचे हवालदिल होतात, पण अनुभवी डॉक्टर पीटी वाढतोय का ते बघत असतात. सातवा फॅक्टर झटपट संपतो, त्यामुळे यकृताचा कारखाना थांबला की पीटी लगेच चुगली करते. फक्त आयएनआरची फूटपट्टी मुळात गोळीवाल्यांसाठी बनवलेली आहे, यकृताच्या पेशंटला ती आपण उसनी लावतो.

आता गोठण्याची वेळ मोजणारी दुसरी मोठी तपासणी, एपीटीटी. इथे थ्रोम्बोप्लास्टिनचा इशारा द्यायचा नाही. प्लाझ्मा एखाद्या परक्या पृष्ठभागाला भिडवायचा. १९६१ मध्ये यासाठी केओलिन वापरलं गेलं, म्हणजे चक्क चिनी मातीची पूड. आजच्या किटांत सिलिका किंवा इलॅजिक ॲसिड असतं. रक्त काचेला किंवा मातीला लागलं की बारावा फॅक्टर जागा होतो, तो अकराव्याला उठवतो, अकरावा नवव्याला, नवव्याला आठव्याची साथ लागते. साधारण ३० सेकंदांच्या आगेमागे धागा दिसतो. किट बदललं की ही मर्यादाही बदलते, म्हणून आपल्याच लॅबची छापलेली मर्यादा बघावी.

ऐरोलीहून आमच्या लॅबला यायला दोन रस्ते आहेत. एक विटावा-कळव्यावरून, दुसरा ऐरोली पुलावरून मुलुंडमार्गे. शेवटची गल्ली मात्र एकच. पीटीचा रस्ता आखूड, त्यावर फक्त सातवा फॅक्टर भेटतो. एपीटीटीचा लांबचा, त्यावर बारा, अकरा, नऊ आणि आठ. गल्लीत दहावा, पाचवा, दुसरा आणि फायब्रिनोजेन. फक्त पीटी लांबली तर पहिल्या रस्त्यावर खोळंबा. फक्त एपीटीटी लांबली तर दुसऱ्यावर. दोन्ही लांबल्या तर एक तर गल्लीतच काहीतरी आडवं पडलंय, किंवा यकृतासारखं कारण आहे ज्याने सगळेच रस्ते तुंबवलेत.

हिमोफिलियाचं, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या जन्मजात आजाराचं, निदान इथून सुरू होतं. रांगायला लागलेल्या मुलाच्या गुडघ्यांना निळे फुगे, पीटी चोख, एपीटीटी मात्र साठ-ऐंशी सेकंद. आठवा फॅक्टर कमी असेल तर हिमोफिलिया ए, नववा असेल तर बी. बीला 'ख्रिसमस डिसीज' म्हणतात ते सणावरून नव्हे. १९५२ मध्ये ज्या मुलात तो ओळखला गेला त्याचं आडनावच ख्रिसमस होतं. संशोधकांचा लेखही छापून आला तो डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. अशा वेळी डॉक्टर आईला विचारतात, "तुमच्या भावाला असं काही होतं का?" हा आजार बहुधा आईकडून मुलग्यात उतरतो, त्यामुळे मामाची चौकशी करावी लागते. कोणता फॅक्टर किती टक्के आहे हे मोजायची सोय छोट्या लॅबमध्ये नसते. परळला केईएमच्या आवारातली आयसीएमआरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहेमॅटॉलॉजी ही त्या कामाची जुनी जागा.

पण एपीटीटी लांबली म्हणजे माणूस रक्तबंबाळ होणारच, असंही नाही. १९५५ साली अमेरिकेत डॉ. ऑस्कर रॅटनॉफ यांनी जॉन हेगमन नावाच्या रेल्वे कामगाराची नोंद केली. पोटाच्या ऑपरेशनआधी तपासलं तर त्याचं रक्त काचेच्या नळीत गोठायला प्रचंड वेळ घेत होतं. गंमत म्हणजे आयुष्यात कधी नको इतकं रक्त गेल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्याच्यात बाराव्या फॅक्टरचा मागमूस नव्हता. काचेवर गोठायला बारावा हवाच, शरीरातल्या जखमेवर मात्र त्याच्याविना भागतं. हेगमन १९६८ मध्ये गेले. पडून कमरेचं हाड मोडलं, अंथरुणाला खिळले आणि फुप्फुसात गुठळी अडकून मृत्यू झाला. ज्याचं रक्त नळीत गोठत नव्हतं, तो गुठळीने गेला. हा किस्सा मी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगते.

ल्युपस अँटिकोॲग्युलंट नावाची एक भानगड तर याहून उलटी. काही लोकांच्या रक्तात अशी प्रतिपिंडं असतात की नळीत एपीटीटी लांबते आणि शरीरात मात्र गुठळ्या होतात. वारंवार गर्भपात होणाऱ्या बायकांमध्ये डॉक्टर हे मुद्दाम शोधतात. त्याच्या एका तपासणीत घोणशीचं विष वापरतात, अगदी पातळ करून. ते थेट दहाव्या फॅक्टरला पेटवतं, मधले सगळे टप्पे गाळून.

एपीटीटी लांबली ती फॅक्टर कमी आहे म्हणून, की कुणी वाटेत आडवं येतंय म्हणून, हे ओळखायची युक्ती स्वयंपाकघरातली वाटावी अशी आहे. पेशंटचा प्लाझ्मा आणि निरोगी प्लाझ्मा निम्मे-निम्मे मिसळायचे. आमटी अळणी असेल तर नीट मीठ घातलेली आमटी तेवढीच मिसळल्यावर चव बरीचशी जागेवर येते. ही झाली फॅक्टरची कमतरता. पण दुधात लिंबू पडलं असेल तर चांगलं दूध कितीही ओता, तेही नासणार. वेळ जागेवर आलीच नाही तर समजायचं, लिंबू पडलंय.

आता या दोन्ही तपासण्यांना जे दिसतच नाही त्याबद्दल. दोन्ही प्लाझ्मावर होतात, म्हणजे प्लेटलेट्स आधीच बाजूला काढलेल्या असतात. इकोस्प्रिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असलेला पेशंट पीटी बघून म्हणतो, "नॉर्मल आलंय, म्हणजे गोळी लागू पडत नाहीये." त्या गोळ्या प्लेटलेट्सवर काम करतात, इथे त्यांचा ठसा उमटायचा प्रश्नच नाही. डेंग्यूत धास्ती असते ती प्लेटलेट्सच्या संख्येची आणि ती सीबीसीत, जांभळ्या नळीत मोजतात. रिव्हरॉक्साबॅन, ॲपिक्साबॅन या नव्या गोळ्यांचा परिणामही आयएनआरने मोजायचा नसतो, तिथे १.१ आला म्हणून डोस दुप्पट करणारे महाभाग मी पाहिलेत. (धातूचा व्हॉल्व्ह असेल तर या नव्या गोळ्या चालत नाहीत, काकांनी विचारलं होतं.) वॉन विलब्रँड या रक्तस्रावाच्या जन्मजात आजारात पीटी आणि एपीटीटी दोन्ही निर्मळ येऊ शकतात, आणि बाई मात्र दर महिन्याला आठ-आठ दिवस अंगावरून जाऊन पांढरीफटक पडलेली असते. "आमच्या घरात सगळ्यांनाच असं जातं" हे वाक्य तपासणीचं कारण आहे, समजुतीचं नाही. तेरावा फॅक्टर नसेल तर गुठळी वेळेवर धरते, पण टिकत नाही. सगळे रिपोर्ट चांगले आणि बाळाची नाळ मात्र थांबून थांबून रक्त गाळत राहते.

ऑपरेशनआधी 'बीटी-सीटी', म्हणजे रक्त थांबायला आणि गोठायला लागणारा वेळ, बघायची जुनी रीत अजून चालू आहे. कानाच्या पाळीला टोचून टिपकागदावर दर अर्ध्या मिनिटाला ठिपका घ्यायची ही बीटीची पद्धत १९१० ची. मी हजारो केल्या असतील. माझं स्पष्ट मत, ऑपरेशनात किती रक्त जाईल हे तिच्यावरून कळत नाही. दाढ काढल्यावर किती वेळ रक्त गेलं, बाळंतपणात रक्त चढवावं लागलं का, घरात कुणाला असा त्रास होता का, हे तीन प्रश्न त्या ठिपक्यांपेक्षा जास्त सांगून जातात.

फायब्रिनोजेन वेगळं मोजता येतं. २०० ते ४०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर ही नेहमीची मर्यादा. पण गरोदरपणाच्या शेवटी ते चारशेच्या पुढे जातं, बाळंतपणातला रक्तस्राव झेलायची निसर्गाची ती तजवीज. म्हणून बाळंतिणीचं रक्त थांबत नसताना २०० आला आणि रिपोर्टवर लाल खूण नाही, तरी प्रसूतितज्ज्ञ धावत सुटतात. कागदावर तो आकडा मर्यादेत बसतो, त्या बाईसाठी तो धोक्याचा असतो.

डी-डायमर करोनाने घराघरांत नेला. फायब्रिनची जाळी विरघळताना तिचे जे तुकडे पडतात, ते हा मोजतो. दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर खापऱ्या दिसल्या तर हंडी फुटली एवढं नक्की, पण कुठल्या मंडळाची, कितव्या थराला, हे खापऱ्या सांगत नाहीत. ताप, जखम, ऑपरेशन, गरोदरपण, नुसतं वय, यातल्या कशानेही डी-डायमर वाढतो. त्याचा खरा उपयोग उलटा आहे. पायात किंवा फुप्फुसात गुठळीची थोडीशीच शंका असेल आणि खापऱ्या अजिबात नसतील, तर ती शंका पुष्कळशी मिटते. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून वाढला की घटला ठरवण्याआधी एकक बघा. एका पद्धतीचा आकडा दुसरीच्या जवळपास दुप्पट असतो.

या सगळ्या यंत्रांच्या गर्दीत एक तपासणी अशी आहे जिला वीजही लागत नाही. शहापूर, मुरबाडकडे भात लावणीच्या दिवसांत घोणस किंवा फुरसं चावतं. हे विष शरीरातच गोठण्याची प्रक्रिया पेटवून देतं आणि फायब्रिनोजेन संपवून टाकतं. भिंत बांधायच्या वेळी सिमेंटची गोणी रिकामी. दवाखान्यात पेशंटचं २ मिलिलिटर ताजं रक्त नव्या, कोरड्या, काचेच्या नळीत घ्यायचं आणि २० मिनिटं हात न लावता उभं ठेवायचं. मग नळी एकदाच आडवी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर प्रतिविष सुरू. गोठलेलं असेल तर थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पाहायचं, कारण विष चढायला वेळ घेतं. नळी काचेचीच हवी, प्लॅस्टिकची चालत नाही, आणि साबणाने धुतलेलीही नको. कारण आता तुम्हाला माहीत आहे, बाराव्या फॅक्टरला काच भिडायला हवी.

परवा काका आले तेव्हा आकडा २.२ आला होता. त्यांनी वही काढली, तारीख घातली, २.२ लिहिलं आणि पेन तोंडात धरून थोडा वेळ विचार केला. मग शेजारी लिहिलं, "अळू, दोन वेळा. डॉक्टरांना फोन."